जोडाला तेल

माझ्या वडिलांना पहिला प्रश्न पडला तो पिंगचा.

मी मागच्या खोलीत बसून कोणाला तरी फोनवर सांगत होते, "सर, मी तुमच्या राउटरला पिंग करून बघते." बाबा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. फोन ठेवल्याबरोबर त्यांनी विचारलं, "बाई, पिंग म्हंजे काय असतंय?"

"हाक मारून बघायचं. त्या यंत्राला म्हणायचं, आहेस का? ते म्हणतं, आहे. ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं."

"अन् ओ आलीच न्हाई तर?"

"तर वाटेत कुठंतरी अडलंय."

बाबांनी मान हलवली, तांब्या तिथेच ठेवला आणि ते पुढे गिरणीत गेले. थोड्या वेळाने गिरणीचा आवाज थांबला आणि जोरात हाक आली, "बाईऽ!" मी घाबरून "ओ" दिली. "काय न्हाई," बाबा म्हणाले, "पिंग करून राह्यलो."

मंठ्यात आमची पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करते. वेगवेगळ्या ऑफिसांचं, दुकानांचं नेटवर्क बिघडलं की ते आम्हाला फोन करतात आणि नेमकं कुठे बिघडलंय ते आम्ही इकडे बसून शोधतो. माझं लग्न मोडलं, त्यानंतर वर्षभरात आई गेली, आणि मी बॅग भरून मंठ्याला आले. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, पण ती दसऱ्यापर्यंतच. दसरा झाला की आमच्या मॅडम माझ्याशी बोलणार आणि मी मंठ्यात राहायचं की पुण्याला परत जायचं ते ठरवणार. खेड्यातल्या नेटवर्कवर त्यांचा भरवसा नव्हता. मला परत जायचं नव्हतं. पण हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण सगळ्यांनी आपापल्या मनाने कारण ठरवून टाकलं होतं. बाबाही दळायला आलेल्या बायांना सांगायचे, "माझ्यापायी अडकून पडली लेक." ते ऐकलं की मला चीड यायची. कोणावर यायची हे मात्र कळायचं नाही.

तर पिंगपासून सुरू झालेले प्रश्न काही थांबेनात. बाबांना यंत्राची भूक आहे. कोणाच्या शेतातली मोटार जळली, कोणाचा फवारणीचा पंप अडला, तर हे हातातलं काम टाकून बघायला जाणार. आणि आता घरातच एक यंत्र आलं होतं, ज्याच्यात फिरणारं काहीच नव्हतं. ना पट्टा, ना चाक, ना आवाज. भिंतीवर एक पांढरा डबा, त्याच्यावर चार-पाच बारीक दिवे, आणि त्यातून म्हणे लेकीचं पोट भरतं. हे त्यांना पटत नव्हतं.

एकदा जेवताना मी म्हटलं, की नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक कारखान्यातूनच छापून येतो, तो बदलत नाही. दुसरा त्या त्या घरातला राउटर देतो. फोन दुसऱ्या घरी नेला की तिथला राउटर नवा देतो.

"दोन कामून? एकात भागत न्हाई?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला आणि विचार केला. मग म्हणाले, "आपल्या डब्यावाणी हाये हे."

आमच्याकडे सकाळी बाया धान्याचे डबे ठेवून जातात. बाबा प्रत्येक डब्यावर खडूने आकडा टाकतात, त्या आकड्याप्रमाणे दळण होतं. संध्याकाळी आकडे पुसले जातात. पण कोणता डबा कोणाचा हे बाबांना आकड्यावरून नाही, डब्याला कुठे पोचा आलाय त्यावरून कळतं. "आकडा रोजचा," बाबा म्हणाले, "पोचा कायमचा. पण रांग लावायची तर आकडाच लागतोय. पोच्यावरून रांग कशी लावशील?"

"बरोबर," मी म्हटलं.

"मंग आकडा देणारा राउटर म्हंजे मी."

त्या दिवशी ते फार खुशीत होते. दळायला आलेल्या दोन-तीन जणींना तरी त्यांनी आपण राउटर असल्याचं सांगितलं. त्या बायांनी ते मनावर घेतलं नाही.

पण पुढचा प्रश्न अवघड होता. गिरणीत ज्वारीनंतर लगेच गहू दळला, तर पहिलं ओंजळभर पीठ ज्वारीचंच येतं. दगडात थोडं मागचं राहतंच. यावरून आमच्याकडे महिन्यातून एक तरी भांडण होतं. बाबांनी विचारलं, "समोरच्या मेडिकलवाल्याची तार अन् आपली तार खांबावर एकच हाये म्हणतेस. त्याचं बोलणं अन् तुझं बोलणं एकाच तारंतून जाऊन राह्यलं. मंग मिसळत कसं न्हाई?"

मी म्हटलं, बोलणं अखंड जातच नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलं असतं, कुठून निघाला, कुठे जायचंय, कितवा आहे. पलीकडे पोचले की आकड्याप्रमाणे पुन्हा जुळवायचे. एखादा वाटेत हरवला, तर पलीकडचा निरोप धाडतो, अमुक आकड्याचा आला नाही, पुन्हा पाठव.

"सांडलेलं परत मागता येतंय?"

"बऱ्याचदा येतं."

"अन् देणारा देतो? हुज्जत घालत न्हाई?"

"नाही घालत."

"लई इमानदार कारभार हाये," बाबा म्हणाले. ते खरोखर भारावले होते. मलाही त्या रात्री झोपताना वाटलं, की कारभार इमानदार आहे खरा. रोज बघून बघून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एका रविवारी आम्ही दोघं तार कुठे जाते ते बघायला निघालो. हट्ट बाबांचा, पण हौस मलाही होती. मी दिवसभर लोकांच्या तारा स्क्रीनवर बघते, स्वतःची कधी पायी चालून बघितली नव्हती. आमच्या पत्र्यावरून निघालेली काळी तार मेडिकलवर जाते, तिथून खांबावर, मग खांबाखांबाने बसस्टँडच्या रस्त्याला. तिथल्या एका खांबावर काळा डबा आहे, त्यात आसपासच्या सगळ्या तारा येऊन मिळतात. माना वर करून चालणाऱ्या आम्हा बापलेकींना बघून चहाच्या टपरीवरच्या माणसाने विचारलं, "काय हरवलं का, काका?" बाबा म्हणाले, "न्हाई, उजेड पाहून राह्यलो." मी नुकतंच त्यांना सांगितलं होतं, की या तारेत वीज नाही, उजेड असतो. आत केसाएवढी काच आहे आणि तिच्यातून उजेडाची उघडझाप होत जाते.

"अन् वळणावर? उजेड तर सरळ जातोय."

"काचेच्या आतल्या अंगावर आपटत आपटत वळतो. बाहेर पडत नाही."

येताना बाबा प्रत्येक वळणावरच्या खांबाशी थांबून वर बघत होते. घर आल्यावर म्हणाले, "आपटत आपटत का होईना, पोचतोय."

अशात नवरात्र आलं. खंडे नवमीला आमच्याकडे गिरणी बंद असते. मोटारीचा पट्टा उतरतो, दगड उघडतो, एकूण एक भाग सुटा होऊन अंगणात येतो. बाबा सगळं स्वतः पुसतात, जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात तिथे बोटाने तेल लावतात, पुन्हा जोडतात, आणि मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, दसराभर त्याला आराम द्यायचा, असा त्यांचा नेम आहे. मला दोन दिवस सुट्टीच होती. मी पुरण वाटत होते तेव्हा बाबांनी दारातून विचारलं, "तुझ्या डब्याची पण पूजा करू ना?" मी म्हटलं, "करा की." लॅपटॉपच्या झाकणाला मीच कुंकवाचं बोट लावलं. संध्याकाळी बघितलं तर राउटरवर झेंडूची बारीक माळ, मधोमध कुंकू, तारा गुंडाळून नीट ठेवलेल्या, बटण बंद. इतका देखणा राउटर मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. फोटो काढून मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दसऱ्याला आपट्याची पानं वाटत गल्लीभर फिरले आणि दुसऱ्या दिवशीच्या बोलण्याची मनातल्या मनात तयारी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमशी बोलायचं होतं. बाबांनी सकाळी आंघोळ करून आधी गिरणी चालू केली, मग माझ्या खोलीत येऊन हात जोडले आणि राउटरचं बटण दाबलं. दिवे लागले. एक सोडून सगळे हिरवे. तो एक लाल, आणि उघडझाप करणारा.

या दिव्याचा अर्थ मी लोकांना रोज सांगते. तारेतून उजेड येत नाही, असा त्याचा अर्थ. बाकी सगळं ठीक असतं. घरातलं वायफाय चालू, मोबाईलवर पूर्ण रेघा दिसतात, आणि बाहेरच्या जगाशी काही संबंध नाही. लोक ओरडतात, 'वायफाय आहे ना, मग नेट का नाही?' मी शांतपणे समजावते, की वायफाय म्हणजे घरातल्या घरातली वाट, ती दारापर्यंतच. त्या सकाळी मात्र मला तो शांतपणा काही सापडला नाही. बंद करून चालू केलं. पुन्हा केलं. केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला सण आहे ताई, माणूस दुपारी येईल. मग राउटरच्या मागून हिरव्या टोकाची पिन उपसली आणि उजेडात धरली.

पिनेचं पांढरं टोक गुलाबी झालं होतं. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं.

मी तशीच गिरणीत गेले आणि त्या घरघरीत ओरडले, "बाबा, याला तेल लावलं तुम्ही?"

"मंग?" बाबा दळण सोडून माझ्याकडे वळले. "जोड हाये की तो. सुटा केल्ता, पुसला, तेलाचं बोट लावलं, कुंकू लावलं, परत बसवला. कट् करून आवाज पण आला."

"ती काच आहे! काचेला काच टेकायला पाहिजे, मधे धूळ पण चालत नाही! ही काय गिरणी आहे का तुमची?"

दळायला आलेल्या सगळ्या बाया बघत होत्या. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "आज साहेबाचं बोलणं हाये ना तुझं?" मी पिन घेऊन मागे वळले.

पिनेचं टोक मी स्पिरिट लावलेल्या मऊ फडक्याने पुसलं, पण कुंकू राउटरच्या आतल्या भोकातही गेलं होतं आणि तिथे माझं बोट पोचत नव्हतं. दिवा लालच राहिला. आता मोबाईलवरच भागवायचं होतं. पण मागच्या खोलीत मोबाईलला धड रेंज नाही. आमच्या घरात रेंज पूर्ण मिळते ती एकाच जागी, गिरणीत, शटरजवळ. आणि गिरणी दोन दिवसांच्या सुट्टीनंतर भरून गेली होती. भिंतीपर्यंत डबे लागले होते, बाया बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. गिरणी बंद करा, असं मी एरवी म्हणू शकले असते. एवढं बोलून बसल्यावर म्हणवेना. अकराला थोडा वेळ उरला तेव्हा मी शटरजवळ स्टूल ओढलं, समोर गव्हाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला, कानात इयरफोन घातले आणि ठरवलं, की मोठ्याने बोलायचं, काय व्हायचं ते होईल.

तेवढ्यात पट्ट्याचा आवाज मंदावला. दगड फिरत फिरत थांबला.

"लाइट गेली का?" कोणीतरी विचारलं.

"न्हाई," बाबा म्हणाले. "बाईला साहेबासंगं बोलायचं हाये. कुणी बोलायचं न्हाई."

"किती येळ?"

"ती उठंस्तवर."

"माझं पीठ अर्धं आत हाये की!"

"राहू दे. पळून न्हाई जात."

आणि त्या बाया गप्प बसल्या. मंठ्यातल्या बाया, दिवाळीच्या तोंडावर, दळणाच्या रांगेत गप्प. मला अजून खरं वाटत नाही. कोणी पदर तोंडाशी धरला, कोणी हनुवटीला हात लावला, आणि सगळ्या जणी माझ्याकडे टक लावून बघू लागल्या. साहेबाशी बोलतात ते कसं, हे त्यांना बघायचंच होतं.

मॅडम स्क्रीनवर आल्या. माझ्यामागची पिठाने पांढरी झालेली भिंत बघून त्यांनी विचारलं, कुठे बसलात? मी म्हटलं, "गिरणीत." मग जे झालं ते सगळं सांगितलं. खंडे नवमी, तेल, कुंकू, लाल दिवा. लपवून उपयोग नव्हता, कुंकवाचा फोटो मीच ग्रुपवर टाकला होता. मॅडम हसल्या, पण थोडंच. म्हणाल्या, हीच तर माझी अडचण आहे. एक तार गेली की तुम्ही गेलात. मी म्हटलं, "बिघाड कुठे आहे ते मला कळलंय, दुपारी निघेल. आणि आत्ता मी मोबाईलवर आहेच. दुसऱ्या कंपनीची दुसरी तार मी याच महिन्यात घेते, एक गेली की राउटर आपोआप दुसरीवर जाईल." त्यांनी ते लिहून घेतलं. मग थांबून म्हणाल्या, एक विचारू? वडिलांकडे बघायला कोणी मिळालं, तर याल का परत?

हा प्रश्न फक्त माझ्या कानात होता. गिरणीतल्यांना ऐकू गेलं ते माझं उत्तर.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "वडील त्यांचं त्यांचं बघतात. मलाच इथं राहायचंय."

बोलले, आणि मग लक्षात आलं की गिरणी बंद आहे आणि बाबा चार हातांवर उभे आहेत. मी तिकडे बघितलं नाही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, दुसरी तार घ्या आणि चालू ठेवा. मी आभार मानले, इयरफोन काढले.

"काय म्हणला साहेब?" पायरीवरच्या म्हातारीने विचारलं.

"राहा म्हणाल्या."

"बाई हाये का साहेब?" ती म्हणाली, आणि एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. बाबांनी बटण दाबलं.

दुपारी केबलवाल्याचा माणूस आला. त्याने आधी चार्जर बदलून बघितला, मग तार बदलतो म्हणाला. मी त्याला आतल्या भोकातलं कुंकू दाखवलं तेव्हा त्याने पिशवीतून पेनासारखं काहीतरी काढलं आणि आत घालून दाबलं. कट् झालं. बाबा चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून बघत होते. "काय हाये ह्याच्या आत?" त्याने दाखवलं, आत कापडाची बारीक फीत, दाबलं की कोरी पुढे सरकते. "म्हंजे पुसायचंच असतंय," बाबा म्हणाले, "तेल तेवढं न्हाई." तो म्हणाला, "तेल बिलकुल न्हाई, काका." दिवा हिरवा झाला तेव्हा बाबांनी ते पेन हातात घेऊन दोनदा दाबून बघितलं आणि नाइलाजाने परत दिलं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही पीठ झाडत होतो. बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "साहेबाला बोललीस ते खरं, का नोकरीपुरतं?"

"खरं," मी म्हटलं.

ते झाडत राहिले. कोपरा झाडून झाला, केरसुणी भिंतीला टेकवली, उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "मंग बॅग रिकामी कर. आल्यापासून कपडे बॅगंतच ठेवून राह्यलीस. एक काढतीस, धुतीस, परत बॅगंत."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे कपडे बॅगेत आहेत हे माहीत होतं, पण कोणी रोज त्या बॅगेकडे बघतंय, हे माहीत नव्हतं.

मी हात धुऊन आत गेले तर आईचं कपाट उघडं होतं. तिच्या साड्या बाबांनी केव्हातरी दुपारीच खालच्या एका खणात एकावर एक लावून ठेवल्या होत्या. वरचे सगळे खण पुसून कोरे केले होते, आणि त्यांच्यावर नवा कागद घातला होता.